वाढीव वॉरंटी: काउंटरवर नव्हे, घरी बसून ठरवा

सणासुदीच्या खरेदीनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मोठ्या साखळी दालनांविषयीची आणि तिथे गळ्यात मारल्या जाणाऱ्या वाढीव वॉरंटीविषयीची पत्रे सर्वांत जास्त असतात. त्यातील काही प्रश्न बऱ्याच वाचकांच्या उपयोगाचे वाटले म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न: आम्ही एका मोठ्या दालनातून ३८,००० रुपयांचा फ्रिज घेत आहोत. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे. पुढच्या दोन वर्षांची वाढीव वॉरंटी ४,२०० रुपयांना मिळेल, पण ती आत्ताच घ्यावी लागेल, बिल झाल्यावर मिळणार नाही, असे विक्री प्रतिनिधी म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, डोंबिवली

आपण ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या खरेदीच्या वेळी आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल.

घरगुती उपकरणातले बनावटीचे दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच वर येतात, आणि तो काळ कंपनीच्या मूळ वॉरंटीत मोडतो. झिजेमुळे होणारे बिघाड सुरू व्हायला बरीच वर्षे जावी लागतात. या दोन टप्प्यांच्या मधला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा काळ उपकरणाच्या आयुष्यातला सर्वांत कमी कटकटीचा असतो, आणि आपल्याला विकली जाणारी योजना नेमकी त्याच काळापुरती आहे. त्यातही फ्रिजमधला सर्वांत महाग भाग म्हणजे कॉम्प्रेसर; त्यावर हल्ली बऱ्याच कंपन्या दहा-दहा वर्षांची वेगळी हमी देतात. उलट दाराचे रबर, आतला दिवा, काचेचे कप्पे, भाजीचा खण या रोज हाताळल्या जाणाऱ्या आणि म्हणूनच लवकर मोडणाऱ्या वस्तू वाढीव वॉरंटीच्या अटींत बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. महाग भागावर कंपनीची हमी आधीच आहे आणि स्वस्त भागांवर योजनेचे संरक्षण नाही, हे एकदा ध्यानात घेतले की ४,२०० रुपये सेन्सर, थर्मोस्टॅट, पंखा आणि सर्किट यांसारख्या मोजक्या बिघाडांच्या शक्यतेसाठी जात आहेत, हे दिसते. ही रक्कम वस्तूच्या किमतीच्या सुमारे अकरा टक्के आहे.

मग दालने या योजनेसाठी एवढा आग्रह का धरतात? फ्रिजची किंमत आपण तिथे उभ्या उभ्या मोबाईलवर चार ठिकाणी ताडून पाहतो, त्यामुळे वस्तूवर फार नफा ठेवणे दुकानाला परवडत नाही. योजनेची किंमत मात्र कोणीही कुठे ताडून पाहत नाही. नफ्याची जागा तिथे आहे, आणि विक्री प्रतिनिधीला महिन्याचे लक्ष्यही त्याच योजनांचे दिलेले असते. तो मुलगा आपली नोकरी करत असतो, त्याच्यावर चिडण्याचे कारण नाही. पण त्याचा सल्ला हा विक्रीचाच भाग आहे, याचे भान आपण सोडू नये.

“आत्ताच घ्यावी लागेल” हे वाक्यही तपासून पाहावे. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत केव्हाही स्वतःची वाढीव वॉरंटी विकतात. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून दोन गोष्टी विचारा: ही योजना नंतर मिळते का आणि तिची किंमत किती. वर्षभर वस्तू वापरल्यावर तिचा गुण कळलेला असतो, आणि मग निर्णय जास्त डोळसपणे होतो. ब्रिटनमध्ये याच घाईचा उपद्रव इतका झाला की २००५ पासून तेथे नियमच आहे: विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीची दुकानाने सांगितलेली किंमत ग्राहकासाठी ३० दिवस खुली ठेवावी लागते, आणि घेतलेली योजना ४५ दिवसांच्या आत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. आपल्याकडे वाढीव वॉरंटीसाठी असा खास नियम नाही. तो व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत ते ३० दिवस आपणच आपल्याला द्यायचे.

अपवाद आहेत. मोठ्या पडद्याचा टीव्ही घेतला आणि त्याचे पॅनेल गेले, तर दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या टीव्हीच्या जवळ जातो. शिकणाऱ्या मुलांचा लॅपटॉप रोज पिशवीतून इकडून तिकडे जातो, तिथे पडझडीचे संरक्षण उपयोगी पडते; मात्र ते वाढीव वॉरंटीत आपोआप धरलेले नसते, वेगळे घ्यावे लागते. अचानक आलेला आठ-दहा हजारांचा खर्च ज्या घराला खरोखरच झेपणार नाही, त्यांनी योजना घेतली तर मी चूक म्हणणार नाही. फक्त ती दुकानाची न घेता वस्तू बनवणाऱ्या कंपनीची घ्यावी. इतरांनी प्रत्येक वस्तूमागे तेवढीच रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि एसी यांचे मिळून पंधरा-सोळा हजार होतात, आणि त्यांतले एखादे उपकरण बिघडले तर दुरुस्ती त्यातून निघते. काहीच बिघडले नाही तर पैसे आपलेच राहतात.

प्रश्न: आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. एसी घेताना “दहा वर्षांची वॉरंटी” सांगितली होती. चौथ्याच वर्षी थंडावा येईना, तेव्हा आलेल्या टेक्निशियनने बाहेरच्या युनिटची कॉइल गंजून गॅस गळाल्याचे सांगितले आणि संपूर्ण खर्च आमच्यावर टाकला. दहा वर्षांचे काय झाले?
— एक वाचक, रत्नागिरी

ती दहा वर्षे फक्त कॉम्प्रेसरची होती. आपल्या वॉरंटी कार्डावर बहुधा तीन निरनिराळ्या मुदती छापलेल्या असतील: संपूर्ण यंत्राला एक वर्ष, इन्व्हर्टर एसी असल्यास त्याच्या सर्किटला काही वर्षे, आणि कॉम्प्रेसरला दहा. दालनातल्या फलकावर मात्र सर्वांत मोठा आकडाच ठळक रंगवलेला असतो. कॉम्प्रेसर खराब झाला असता तरी नवा कॉम्प्रेसर तेवढा फुकट मिळाला असता. गॅस भरणे, टेक्निशियनची मजुरी, येण्या-जाण्याचा आकार आणि वाहतूक यांचे पैसे अनेक कंपन्या ग्राहकाकडूनच घेतात.

कोकणपट्टीत आणि गोव्यात राहणाऱ्यांनी वाढीव वॉरंटीच्या अटींमध्ये “गंज” हा शब्द सर्वांत आधी शोधावा. खाऱ्या हवेमुळे बाहेरच्या युनिटचे पत्रे, कॉइलची पाती आणि जोड गंजतात, आणि तुमच्याकडचा हा सर्वांत स्वाभाविक बिघाड बहुतेक योजनांच्या वगळलेल्या यादीत असतो. त्याच यादीत विजेचा दाब कमी-जास्त होण्याने झालेले नुकसान, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, आणि सर्किटवर पाल किंवा मुंग्या शिरून झालेला बिघाडही सापडतो. खेडेगावांत आणि किनाऱ्यावर उपकरणे नेमकी याच कारणांनी बिघडतात. त्यामुळे वाढीव वॉरंटीपेक्षा तांब्याची आणि गंजरोधक लेप दिलेली कॉइल, चांगला स्टॅबिलायझर आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर बाहेरचे युनिट गोड्या पाण्याने धुऊन घेणे यांवर खर्च केलेला बरा.

आणखी एक तपशील. वस्तू विकत घेतली दिवाळीत आणि घराचे काम चालू असल्यामुळे बसवली मार्चमध्ये, असे झाले की वॉरंटीचे चार-पाच महिने खोक्यातच संपतात. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने उपकरण कंपन्यांना वॉरंटीची मुदत खरेदीऐवजी वस्तू बसवल्याच्या तारखेपासून धरावी, असे सुचवले होते. ती सूचना आहे, बंधन नव्हे. म्हणून वस्तू घेतानाच कंपनीकडून मुदत कोणत्या तारखेपासून सुरू होते ते लेखी घ्यावे आणि बसवणाऱ्या माणसाकडून तारखेची पावती मागून घ्यावी.

प्रश्न: वॉशिंग मशीन हप्त्यांवर घेतले. दालनातच फायनान्सच्या टेबलावर मोबाईलवर आलेले ओटीपी आम्ही सांगत गेलो. घरी आल्यावर कर्जाची रक्कम मशीनच्या किमतीपेक्षा ३,००० रुपयांनी जास्त दिसली. विचारल्यावर “त्यात प्रोटेक्शन प्लॅन आहे, त्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही” असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नागपूर

बरोबर नाही, आणि त्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. एक वस्तू किंवा सेवा घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. दुसरी चूक कर्ज देणाऱ्याची. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य तपशिलांचे एक प्रमाणित पत्रक देणे बंधनकारक केले आहे. विम्यासारखे तिसऱ्या पक्षासाठी वसूल केलेले आकारही त्यात स्वतंत्रपणे दाखवावे लागतात, आणि त्यात न दाखवलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

तेव्हा प्रथम ते पत्रक मागवा. योजनेचा आकार त्यात नसेल, तर तो कमी करून हप्ता नव्याने बांधून द्यावा, असे कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही. कर्ज पूर्णपणे डिजिटल पद्धतीने दिलेले असेल, तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडण्याचा हक्कही रिझर्व्ह बँकेने दिला आहे. ती मुदत अगदी थोड्या दिवसांची असते, म्हणून कागद त्याच संध्याकाळी पाहावेत.

दालनात कोणी घाई केली तरी प्रत्येक ओटीपीचा संदेश पूर्ण वाचल्याशिवाय आकडे सांगू नका. ओटीपी कशासाठी आहे ते त्याच संदेशात लिहिलेले असते, आणि तो सांगणे म्हणजे सही करणेच आहे. ऑनलाइन खरेदीतही हाच प्रकार वेगळ्या रूपाने चालतो: टोपलीत वस्तू टाकली की वाढीव वॉरंटीच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात अशी भर घालणे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे.

प्रश्न: बिल करताना मोबाईल क्रमांक दिल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही, असे सांगतात. देणे आवश्यक आहे का? पिशवीचे पैसे लावतात, तेही योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

क्रमांक देणे आवश्यक नाही. किरकोळ विक्रेत्यांनी त्याचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच कळवले आहे. मात्र वॉरंटीच्या नोंदणीसाठी तो उपयोगी पडतो, म्हणून उपकरणांच्या खरेदीत दुकानाला न देता कंपनीकडे थेट नोंदवावा. पिशवीचा आकार आधी ठळकपणे न सांगता काउंटरवर लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला आहे.

प्रश्न: ज्या दालनातून टीव्ही आणि त्याची तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली, ते आमच्या शहरातले दालन बंद झाले. फोन कोणी उचलत नाही. आता काय करावे?
— एक वाचक, अकोला

बिलाचे आणि योजनेचे कागद समोर घ्या आणि एकच गोष्ट शोधा: वचन कोणी दिले आहे? वाढीव वॉरंटी देणारे तीन प्रकारचे असतात. वस्तू बनवणारी कंपनी स्वतः, दालन चालवणारी कंपनी, किंवा दोघांशीही संबंध नसलेली तिसरीच कंपनी, जिच्यामागे कधी एखादी विमा कंपनी असते. योजनेच्या प्रमाणपत्रावर बारीक अक्षरात हे नाव आणि नोंदणीकृत पत्ता असतो.

नाव वस्तू बनवणाऱ्या कंपनीचे असेल, तर दालन बंद झाल्याने आपले काही बिघडत नाही. विमा कंपनीचे असेल, तर थेट तिच्याकडे दावा करा. दालनाची मूळ कंपनी चालू असून फक्त आपल्या गावातली शाखा बंद झाली असेल, तर जबाबदारी त्या कंपनीचीच आहे. नोंदणीकृत कार्यालयाला रजिस्टर पत्र पाठवा. कंपनीच दिवाळखोरीत गेली असेल तर मात्र परिस्थिती कठीण आहे. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले की कंपनीविरुद्धच्या इतर कारवायांना स्थगिती मिळते, आणि ग्राहकाला न्यायाधिकरणाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत लेखी दावा नोंदवून बँकांच्या मागे रांगेत उभे राहावे लागते.

हे दूरचे भय नाही. औरंगाबादेत वाढलेला आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलेला व्हिडिओकॉन उद्योग जून २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेला. बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल ही देशातली एक मोठी साखळी जुलै २०२२ मध्ये त्याच वाटेने गेली. नाव मोठे आहे आणि दालन झगमगते आहे, एवढ्यावर तीन-चार वर्षांनंतरच्या सेवेचे पैसे आज भरू नयेत. दालनाच्या नावाची योजना घेण्यापेक्षा बनवणाऱ्या कंपनीची घ्या, असे मी वर म्हटले, त्यामागे हेही एक कारण आहे. कंपनीलाही धोका असतो, पण निदान सुटे भाग आणि सेवा केंद्रे तिच्या हातात असतात.

प्रश्न: ५२,००० रुपयांचा टीव्ही आणि सोबत दालनाची वाढीव वॉरंटी घेतली. तिसऱ्या वर्षी पॅनेल गेले. दीड महिना टीव्ही त्यांच्याकडे पडून होता. आता “पॅनेल मिळत नाही, घसारा वजा करून २३,००० रुपयांचे व्हाउचर देतो, ते आमच्याच दालनात वापरा” असे म्हणतात. घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

तूर्त घेऊ नका, आणि “पूर्ण व अंतिम समाधान” अशा मजकुरावर सही तर मुळीच करू नका. सही केल्यावर पुढची तक्रार फार दुबळी होते.

दुरुस्ती शक्य नसेल तर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करून रक्कम देण्याची अट अशा योजनांमध्ये सर्रास असते. प्रश्न असा आहे की ती अट आपल्याला विक्रीच्या वेळी दाखवली होती का. बहुतेक दालनांत ग्राहकाच्या हाती फक्त बिल पडते. त्यावर योजनेची एक ओळ असते आणि सविस्तर अटी संकेतस्थळावर असल्याचे छापलेले असते. “काहीही झाले तर दुरुस्त करून देऊ, नाहीतर नवा देऊ” असे तोंडी सांगून पैसे घ्यायचे आणि वेळ आल्यावर न दाखवलेल्या अटीकडे बोट दाखवायचे, हे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही सदरांखाली ग्राहक आयोगापुढे मांडता येते. अट मान्य केली तरी दोन मुद्दे उरतात. घसाऱ्याचा दर अटींत लिहिला आहे का, आणि २३,००० हा आकडा त्या दराने येतो का, याचा लेखी हिशेब मागा. व्हाउचरच घेतले पाहिजे असे अटींत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर रक्कम बँक खात्यात मागा.

आता कागद गोळा करा. दालनांची बिले उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात आणि वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात, म्हणून आहे त्या अवस्थेत लगेच फोटो काढून ठेवा. अक्षरे गेली असतील तर त्याच व्यवहाराचे बिल दालनाच्या संगणकातून पुन्हा मागवा. टीव्ही ताब्यात घेतल्याचे जॉब शीट, तक्रार क्रमांकांचे संदेश आणि “पॅनेल मिळत नाही” हे लेखी असणे महत्त्वाचे आहे. फोनवर सांगितले असेल तर आपणच ईमेल पाठवा: “आज आपल्या प्रतिनिधीने मला असे सांगितले, यात काही चूक असल्यास कळवावे.” उत्तर आले नाही तरी तो ईमेल पुराव्याच्या कामी येतो.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठ्या साखळ्यांची बरीच प्रकरणे त्याच टप्प्यावर मिटतात. तिथे सुटले नाही तर पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दालनाचे मुख्य कार्यालय मुंबईत असो वा अन्यत्र. वस्तू-सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे, वकील बंधनकारक नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. तक्रारीत टीव्ही बनवणारी कंपनी, दालन आणि योजना देणारी कंपनी या तिघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला कोणालाही वाव राहणार नाही. तपासणीची गरज नसलेले प्रकरण सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत संपवावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी मनाशी ठेवा.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती टीव्ही घेतल्याच्या तारखेपासून मोजायची नसून त्यांनी दुरुस्ती नाकारली त्या दिवसापासून मोजायची आहे, म्हणून नकाराची तारीख असलेला कागद सर्वांत वर लावा.